इकडे तुकोबा, तिकडे देकार्त, मध्ये देवरुखचे गोडे

फेब्रुवारी १६५० मध्ये स्टॉकहोमला देकार्त नावाचा फ्रेंच तत्त्वज्ञ वारला. पुढच्याच महिन्यात, रूढ तिथी धरली तर शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, देहूचे तुकोबा गेले. एकाने दुसऱ्याचं नाव ऐकण्याची काही शक्यता नव्हती. पण कालाच्या वहीत दोघांची पानं अशी शेजारी शेजारी लागली आहेत.

शाळेत इतिहास शिकवताना मी फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करत असे. एका बाजूला युरोप, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र. १५९९ : एकनाथ समाधिस्थ. १६०० : रोममध्ये ब्रूनोला जिवंत जाळलं. १६२० : बेकनचा मोठा ग्रंथ. १६३० : शिवजन्म. १६३३ : गॅलिलिओवर खटला. १६७४ : राज्याभिषेक. रकाने भरले की एखादं तरी धीट पोर विचारायचंच, "बाई, ते लोक एवढे शोध लावत होते तेव्हा आपले लोक काय विचार करत होते?" क्रमिक पुस्तकात याचं उत्तर नसे. लढाया होत्या, गडकोट होते, संतांचे अभंग होते. 'विचार' या मथळ्याखाली लिहायला काही नसे.

हाच प्रश्न इतिहासाचार्य राजवाड्यांना पडला होता, आणि तो त्यांनी त्यांच्या स्वभावानुसार संतापून विचारला होता. शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचा 'राधामाधवविलासचंपू' त्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला, त्याला मोठी प्रस्तावना जोडली. तिच्यात त्यांची तक्रार थोडक्यात अशी : शहाजीच्या काळात युरोपात देकार्त, बेकन यांच्यासारखे लोक सृष्टीतले पदार्थ तपासत बसले होते आणि आमचे संत पंचमहाभूतांकडे पाठ फिरवून ब्रह्माच्या मागे लागले होते. ज्या माणसाने मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदांसाठी उभा महाराष्ट्र पायी तुडवला, त्याचा हा त्रागा आहे. त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा वाद दर दोन-चार महिन्यांनी उफाळतो. एका बाजूला माझे पुण्याचे दीर. त्यांच्या मते सगळे शोध आधी आपल्याकडेच लागले, नंतर चोरीला गेले. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतला भाचा. त्याच्या मते आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापर्यंत अंधारच होता. दोघंही हुशार आहेत, दोघंही माझा ब्लॉग वाचतात (म्हणून जपून लिहिते आहे!), आणि गेल्या गणपतीपासून दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. एका जुन्या प्रश्नापायी घरातली दोन माणसं दुरावली, याचं मला वाईट वाटतं. म्हणून आज एका तिसऱ्या माणसाबद्दल लिहायचं ठरवलं. ते ना दिरांच्या बाजूचे ना भाच्याच्या. आणि मुख्य म्हणजे ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, देवरुखचे.

त्यांचं नाव परशुराम कृष्ण गोडे. जन्म १८९१, मृत्यू १९६१. पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली सुरू झालं. दुसऱ्याच वर्षी डेक्कन कॉलेजात ठेवलेला सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह तिथे आला. आणि १९१९ पासून त्या संस्थेचे क्यूरेटर, म्हणजे त्या साऱ्या पोथ्यांचे राखणदार, गोडे झाले. पुढची चार दशकं त्यांचं आयुष्य त्या कपाटांच्या सान्निध्यात गेलं.

आपल्या जिल्ह्याने भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे दिले हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोड्यांचं नाव मात्र इथे रत्नागिरीत दहा जणांना विचारलं तर एखाद्याला माहीत असेल. संस्कृत घेऊन बी.ए. केलेल्यांनी ते नकळत हाताळलेलं असतं. वा. शि. आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची जी वाढवलेली तीन खंडांची आवृत्ती १९५७ ते १९५९ मध्ये पुण्याला निघाली, तिच्या संपादकांत चिं. ग. कर्व्यांच्या बरोबर प. कृ. गोडे हे नाव आहे. मी स्वतः ते नाव कॉलेजात असताना प्रथम पाहिलं ते तिथेच. माणूस कोण हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

गोडे बहुतेक सगळं इंग्रजीत लिहीत आणि संशोधनाच्या मासिकांत लिहीत. सु. मं. कत्र्यांच्या बरोबर 'न्यू इंडियन अँटिक्वरी' हे मासिकही त्यांनी संपादित केलं. त्यांच्या शेकडो निबंधांतले निवडक पुढे ग्रंथरूपाने निघाले. भारतीय वाङ्मयेतिहासावरचे तीन खंड १९५३ ते १९५६ या काळात आले आणि सांस्कृतिक इतिहासावरचे त्यांच्या अखेरच्या दिवसांत व मृत्यूनंतर. हे खंड चाळताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे निबंधांची नावं. अमक्या ग्रंथाचा काळ, 'इसवी सन इतके ते इतके यांच्या दरम्यान'. तमक्या वस्तूचा इतिहास, 'इतके ते इतके यांच्या दरम्यान'. हे 'दरम्यान' म्हणजे गोड्यांची सहीच.

ही 'दरम्यान'ची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आपल्या जुन्या ग्रंथकारांना स्वतःचा सन-शक लिहायची फारशी हौस नव्हती. पोथीच्या शेवटी शक असला तरी पुष्कळदा तो नकलून काढणाऱ्याचा असतो, लेखकाचा नव्हे. मग काळ ठरवायचा कसा? गोडे दोन खुंट्या ठोकत. हा लेखक आपल्या आधीच्या कुणाचं नाव घेतो? त्या माणसाचा काळ माहीत असेल तर हा त्याच्यानंतरचा. ही खालची खुंटी. आणि या लेखकाचं नाव पुढे कोण घेतं, किंवा याच्या ग्रंथाची सर्वांत जुनी नक्कल कोणत्या सालची? म्हणजे हा त्याच्या आधीचा. ही वरची खुंटी. दोन खुंट्यांच्या मध्ये दोरी ताणली की माणूस सापडला. नवी पोथी मिळाली की खुंटी थोडी सरकवायची. पुराव्याच्या पलीकडे एक वर्षसुद्धा जायचं नाही.

या पद्धतीने त्यांनी कशाकशाचा माग काढला, ऐका! जिलबीचा : पंधराव्या शतकाच्या मध्यातल्या एका जैन ग्रंथात ती पानात वाढलेली त्यांनी दाखवली. (शब्द मूळचा अरबी, तेव्हा दिरांनी रागावू नये.) नथीचा : नाकातल्या दागिन्याचा भक्कम पुरावा आपल्याकडे साधारण इसवी सन हजाराच्या मागे जात नाही असं त्यांनी मांडलं. तंबाखूचा, शोभेच्या दारूचा, मेंदीचा. आणि चष्म्याचा! विजयनगरच्या व्यासरायस्वामींचं सोमनाथ कवीने लिहिलेलं संस्कृत चरित्र आहे. त्यात स्वामी १५२० च्या सुमारास चष्मा लावून पोथी वाचताना दिसतात. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाला होता आणि पोर्तुगीज गोव्यात शिरले ते १५१० साली. तारखा शेजारी ठेवल्या की वस्तू कशा फिरल्या ते दिसू लागतं. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाईंच्या आश्रयाला तंजावरला राहिलेल्या रघुनाथ पंडिताचा 'भोजनकुतूहल' हा पाकशास्त्रावरचा ग्रंथही गोड्यांनीच सतराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत आणून बसवला.

आता कुणी म्हणेल, बाई, जिलबी आणि नथ हा काय विचारांचा इतिहास झाला? झाला. कारण पोथ्यांना वर्षं चिकटवता चिकटवता गोड्यांनी पंडितांनाही वर्षं आणि पत्ते चिकटवले. कोण कुणाचा शिष्य, कोण कुठल्या घाटावर राहत होता, कुणाच्या ग्रंथाची नक्कल कुणाच्या घरी गेली. आजवर हे लोक आपल्याला नुसते 'प्राचीन पंडित' म्हणून माहीत होते. गोड्यांनी दाखवलं की त्यांतले कितीतरी जण अकबर, शहाजहान, शिवाजी यांच्या काळातली, एकमेकांना ओळखणारी, एकमेकांशी भांडणारी माणसं होती. आणि त्यांतली कितीतरी घराणी महाराष्ट्रातून काशीला गेलेली. गागाभट्टांचं भट्ट घराणं मूळ पैठणचंच. राजवाड्यांनी जो रकाना रिकामा म्हणून सोडला, तो गोडे एकेका ओळीने भरत होते. त्यांनी 'राजवाडे चुकले' असं ओरडून सांगितलं नाही. ते फक्त तारखा देत गेले.

या सगळ्यांत मला सर्वांत थरारक वाटलेला निबंध बर्निये आणि कवींद्राचार्य यांच्यावरचा.

फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य. गासेंदी या नामांकित तत्त्वज्ञाचा शिष्य. गासेंदी आणि देकार्त यांच्यातला वाद हा त्या काळच्या युरोपातला गाजलेला वाद. हा बर्निये साधारण १६५८ च्या सुमारास हिंदुस्थानात आला, दहाएक वर्षं राहिला आणि औरंगजेबाचा एक विद्याप्रेमी सरदार दानिशमंदखान याच्या पदरी नोकरीला लागला. या खानाला युरोपात काय चाललंय हे जाणून घ्यायची फार उत्सुकता. बर्निये स्वतः लिहितो की हार्वेने लावलेला रक्ताभिसरणाचा शोध त्याने खानाला समजावून सांगितला, आणि गासेंदी व देकार्त यांचं तत्त्वज्ञान त्याच्यासाठी फारसीत उतरवलं. म्हणजे शिवाजीमहाराजांच्या हयातीत, मोगल राजधानीत, देकार्त फारसी बोलत होता! मी हे प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले.

पण त्या खोलीत खान आणि बर्निये हे दोघंच नव्हते. बर्निये सांगतो की खानाने एक फार मोठा पंडितही पदरी ठेवला होता. तो पूर्वी दारा शुकोहकडे होता आणि तीन वर्षं बर्नियेच्या सोबत असे. पंडिताचं नाव तो देत नाही. पुढे बर्निये काशीला गेला तेव्हा तिथल्या पंडितांचा एक प्रमुख त्याला भेटला. या प्रमुखाला शहाजहानने दोन हजार रुपयांचं वर्षासन दिलं होतं, ते औरंगजेबाने गादीवर येताच बंद केलं. त्याने बर्नियेला आपला ग्रंथसंग्रह दाखवला, पोथ्यांनी भरलेलं मोठं दालन. नाव पुन्हा नाही.

गोड्यांनी आपल्या दोन खुंट्या काढल्या. शहाजहानकडून वर्षासन, काशीत मोठा ग्रंथसंग्रह, पंडितांत पुढारपण, दाराशी संबंध... या सगळ्या खुणा जुळणारा माणूस कोण? त्यांचं उत्तर : कवींद्राचार्य सरस्वती. आणि हे कवींद्राचार्य मूळचे आपल्या गोदाकाठचे, महाराष्ट्रातून काशीत स्थायिक झालेले संन्यासी. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शहाजहानकडे रदबदली करून माफ करवला, तेव्हा देशभरच्या पंडितांनी त्यांच्या गौरवाची पद्यं लिहून पाठवली. ती 'कवींद्रचंद्रोदय' या नावाने एकत्र केलेली आहेत. बादशहाने त्यांना 'सर्वविद्यानिधान' ही पदवी दिली. त्यांच्या संग्रहाची म्हणून जी यादी पुढे सापडली आणि १९२१ साली बडोद्याच्या ग्रंथमालेत छापली गेली, तिच्यात २१९२ नोंदी आहेत.

गोड्यांचा हा निष्कर्ष अनुमानाचा आहे, पण पक्क्या पायावरचा. तो मानला तर राजवाड्यांच्या प्रश्नाचं रूपच पालटतं. युरोपात देकार्त आणि आपल्याकडे कुणी नाही, असं नव्हतं. देकार्तचा विचार आणि गोदातीरचा पंडित तीन वर्षं एका छताखाली होते!

मग झालं काय?

इथे भाच्याला थोडा आनंद होईल. बर्नियेच्या सांगण्यावरून भेट काही फार रंगली नाही. रक्त कसं फिरतं ते खानाला दाखवायला त्याने शेळ्यामेंढ्या चिरल्या तेव्हा पंडित मंडळी भिऊन पळाली, असं तो लिहितो. पंडितांच्या कथा त्याला पोकळ वाटल्या. अर्थात ही एका बाजूची साक्ष आहे. पंडिताला बर्निये कसा वाटला हे आपल्याला ठाऊक नाही, कारण पंडिताने ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आणि माझ्या मते सगळं घोडं इथेच पेंड खातं. बर्निये फ्रान्सला परतला आणि १६७० पासून त्याचं प्रवासवर्णन पॅरिसला छापून निघू लागलं. लगेच इंग्रजी भाषांतर झालं. १६७५ साली लंडनला ड्रायडनने औरंगजेबावर नाटकसुद्धा रंगभूमीवर आणलं! दिल्लीतल्या गप्पा पाच-सात वर्षांत युरोपभर पसरल्या. आणि बर्नियेने खानासाठी केलेलं फारसी भाषांतर? ते आज कुठेही हाती लागत नाही. छापलं गेलं नाही, नकला निघाल्या नाहीत, काशीच्या कुणा दुसऱ्या पंडिताने ते वाचून त्यावर टीका लिहिली नाही. खान १६७० मध्ये वारला आणि त्याच्याबरोबर ती बैठकही मोडली. कवींद्राचार्यांचा संग्रहही पुढे पांगला. त्यातल्या पोथ्या आज कुठे कुठे सापडतात त्या केवळ मुखपृष्ठावरच्या त्यांच्या नावामुळे ओळखू येतात.

युरोपातले तत्त्वज्ञ तरी काय सुखाने नांदत होते? ब्रूनोला जाळलं. गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले. त्याची ती गत पाहून देकार्तने आपला तयार होत आलेला ग्रंथ दडवून ठेवला. पण त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक टपाल. पॅरिसच्या मठात बसलेला मर्सेन नावाचा एक पाद्री युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार ठेवी, एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळवी, भांडणं लावून देई आणि उत्तरं मागवी. दुसरी गोष्ट छापखाना. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वर्तुळातून नियतकालिकच निघू लागलं. एखादा माणूस मेला, त्याला जाळला, तरी विचार दुसऱ्या गावी छापून तयार असे.

छापखाना आपल्याकडे नव्हता असंही नाही. तो आपल्या या किनाऱ्यावर १५५६ सालीच गोव्यात उतरला होता. १६१६ साली राचोलला फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांत, पण रोमन लिपीत. या स्टीफन्सची फार इच्छा होती की इथल्या लिपीतच पुस्तकं छापावीत. १६०८ च्या एका पत्रात त्याने अडचण सांगितली आहे : युरोपात चोवीस अक्षरांत भागतं, इथे जोडाक्षरं धरून सहाशे साचे पाडावे लागतील. मात्र ते दोनशेपर्यंत खाली आणता येतील, असा उपायही त्याने सुचवला होता. ते झालं नाही. १६७४ च्या पुढे गोव्यातला तो छापखानाही थंडावला तो पुरी दीड शतकं. गंमत अशी की १६७८ मध्ये आपली नागरी अक्षरं छापली गेली ती ॲमस्टरडॅमला! मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या डच ग्रंथाला मदत करणाऱ्या रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांचा दाखला त्याच्या पहिल्या खंडात जसाच्या तसा नागरीत छापलेला आहे. ज्ञान इथलं, अक्षरं इथली, छापखाना तिथला.

म्हणजे उणीव बुद्धीची नव्हती. एकाला सुचलेलं दुसऱ्यापर्यंत पोचण्याची, टिकण्याची आणि त्याला प्रत्युत्तर येण्याची सोय अपुरी होती. हे माझं मत आहे, गोड्यांचं नव्हे. गोडे असलं मत देण्याआधी अजून दहा पोथ्या मागवून घेते.

पण दिरांनीही फार खूश होऊ नये. आपले पंडित एकत्र जमत, लेखी निर्णय देत, सह्या करत, हे खरं. त्याचा एक नमुना तर थेट देवरुखशी निगडित आहे. १६५७ साली काशीच्या विश्वेश्वराच्या मंदिरातल्या मुक्तिमंडपात सत्तरावर पंडित जमले. प्रश्न असा : देवरुखे ब्राह्मणांशी इतरांनी पंक्तिव्यवहार ठेवावा की नाही? निर्णय देवरुख्यांच्या बाजूने झाला. त्या निर्णयपत्रावरच्या सह्यांचा उपयोग करून गोड्यांनी दारा शुकोहच्या संस्कृत पत्रातल्या एका स्वामींची ओळख पटवली. इतिहासकाराला ही सह्यांची यादी म्हणजे सोन्याची खाण. पण त्या सालात देशातली एवढी मोठी बुद्धी कुणी कुणाच्या पानाला पान लावावं हे ठरवण्यात खर्ची पडली, हेही त्याच कागदात वाचता येतं. राजवाड्यांच्या रागात तथ्य होतं ते इथे. (त्या सह्यांत बाईची सही नाही, हे सांगायला नकोच. पण भाच्या, तुझ्या रॉयल सोसायटीनेही पहिल्या बाईला फेलो केलं ते १९४५ साली!) १६६९ मध्ये ते मंदिरच पाडलं गेलं आणि मुक्तिमंडपही गेला.

गोड्यांच्या नावाने १९६० साली पुण्यात गौरवग्रंथ निघाला. दुसऱ्याच वर्षी ते गेले. त्यांच्या निबंधांवर पुढे कितीतरी परदेशी अभ्यासक उभे राहिले. शेल्डन पोलॉक या अमेरिकन विद्वानाने २००१ च्या सुमारास सतराव्या शतकातल्या 'नव्या' संस्कृत पंडितांचा मोठा अभ्यास हाती घेतला, रोझलिंड ओहॅनलन यांनी काशीच्या मराठी पंडितांवर लिहिलं. आज विद्यापीठांतून 'अर्ली मॉडर्न' हा शब्द युरोपाबरोबर आपल्यालाही लावतात. त्या इमारतीच्या पायाचे दगड भांडारकर संस्थेत बसून एका देवरुखकराने एकेक करून घडवले होते. त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला, पोथ्यापुस्तकांची नासधूस झाली, हेही आपल्याच हयातीतलं. कवींद्राचार्यांचा संग्रह पांगायला निदान काही काळ लागला असेल. इथे एक सकाळ पुरली.

माझे दीर आणि भाचा, दोघांनाही माझं एवढंच सांगणं आहे. 'आपल्याकडे सगळं होतं' आणि 'आपल्याकडे काहीच नव्हतं' ही दोन्ही वाक्यं बोलायला पोथी उघडावी लागत नाही. म्हणूनच ती इतकी सोपी आहेत आणि म्हणूनच त्यांवरून भांडण लवकर होतं. गोड्यांनी दोन्ही वाक्यं टाळली आणि चाळीस वर्षं तिसरं वाक्य लिहिलं : अमुक माणूस, अमुक गावी, या सालापासून त्या सालाच्या दरम्यान, हे म्हणत होता. या वाक्यात गर्वालाही जागा नाही आणि शरमेलाही. कामाला मात्र भरपूर आहे. नथ अनादी नाही असं सांगताना त्यांचा हात कापला नाही आणि काशीच्या पंडिताला मोगल राजधानीत देकार्तच्या शेजारी बसवताना त्यांनी ढोल वाजवला नाही.

असो. लेख लांबला. जाता जाता एक विनंती. आपल्या कोकणात अजून पुष्कळ घरांच्या माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यांत, लाल कापडात बांधलेल्या पोथ्या पडून आहेत. दरवर्षी पावसाळ्यात त्यांतल्या काही कसरीच्या पोटात जातात. विसर्जन करण्याआधी किंवा रद्दीत घालण्याआधी निदान पहिलं आणि शेवटचं पान मोबाइलवर टिपून ठेवा. शेवटच्या पानावर कुणी, कुठे, कोणत्या शकात नक्कल केली ते बहुधा लिहिलेलं असतं. वाचता आलं नाही तर मला पाठवा, मी आणि माझ्या दोन जुन्या मैत्रिणी मिळून लावून देऊ. त्यातून देकार्त निघणार नाही. पण कुणाची तरी एखादी खुंटी दोन-चार वर्षांनी सरकली, तर देवरुखच्या गोड्यांना ते पुरेसं वाटलं असतं.

दीर आणि भाचा यांच्या प्रतिक्रियांची वाट बघते आहे. मात्र एका अटीवर : प्रत्येक विधानासोबत साल हवं!